चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आपल्याकडे एखाद्याने जुन्या गाडीवर खर्च काढला की लोकांचं म्हणणं ठरलेलं असतं. 'अहो, चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला कशाला?' शेजारी म्हणतो, मेहुणा म्हणतो, पंपावर हवा भरणारा मुलगाही म्हणतो. म्हण चटपटीत आहे आणि पुष्कळ वेळा खरीही आहे. पण गाडीच्या बाबतीत ती अर्धाच हिशेब मांडते. ही कोंबडी सोडली तर दुसरी कितीला मिळणार? आणि त्या दुसरीला मसाला लागणारच नाही का? ज्याच्या खिशात मोजकेच पैसे आहेत, त्याला या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय या म्हणीचा काही उपयोग नाही.

मी बोलणार आहे ते दर पाच वर्षांनी गाडी बदलणाऱ्यांसाठी नाही. ज्यांच्या दारात गाडी कामासाठी उभी आहे आणि ती अडली की घरातली दोन-चार कामं अडतात, अशांसाठी हे बोलणं आहे. तालुक्याच्या गावांत अशी घरं खूप. त्यांच्या दारातली ओळखीची गाडी म्हणजे मारुती ८००. डिसेंबर १९८३ मध्ये ती पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तरी आमच्या कोकणात ती अजून दिसते. आंब्याच्या पेट्या वाहताना दिसते, लग्नाच्या वऱ्हाडात दिसते, भर पावसात दवाखान्याबाहेर उभी असलेली दिसते.

ती टिकून राहिली याचं एक साधं कारण आहे. तिचं तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन. त्याच घराण्याचं इंजिन ओम्नीत २०१९ पर्यंत आणि अल्टो ८०० मध्ये २०२३ पर्यंत वापरात होतं. त्यामुळे इंजिनाचे बरेचसे सुटे भाग आजही तालुक्याच्या दुकानात मिळतात आणि ते बसवणारा हातही गावात असतो. याउलट पद्मिनी पाहा. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या या गाडीने मुंबईची टॅक्सी म्हणून कित्येक दशकं राज्य केलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आज कोणी पद्मिनी सांभाळत असेल तर ती हौस आहे, आणि हौसेला मोल नसतं. पण रोजच्या कामाच्या गाडीबद्दल ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारावा: सुटा भाग जवळपास मिळतो का, आणि तो बसवणारा माणूस आहे का? याचं उत्तर 'नाही' असेल तर पुढचा विचार करण्यात फारसा अर्थ नाही.

माझंच उदाहरण घेऊन बोलतो, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. आमची मारुती २००३ सालची. मी ती २०११ मध्ये जुनीच घेतली. माझी पत्नी शाळांचे गणवेश शिवते, दोन बाया तिच्या हाताखाली असतात. कापडाचे गठ्ठे चिपळूणहून आणायचे आणि तयार गणवेश वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत पोचवायचे, हे काम या गाडीचं. शिवाय महिन्यातून एकदा आईला डोळे दाखवायला कुंभार्ली घाट चढून कराडला न्यावं लागतं. मार्च २०२५ मध्ये, म्हणजे गणवेशाचा हंगाम तोंडावर असताना, गाडी ओढेनाशी झाली. चढावर दम लागल्यासारखी थांबायची. एका गॅरेजने सांगितलं, इंजिन उतरवावं लागेल, पूर्ण काम करावं लागेल, बेचाळीस हजार रुपये. गाडी विकली तर तीस-पस्तीस हजार येतील असंही सांगितलं. म्हणजे म्हण तंतोतंत लागू.

विकायची ठरवली तर पर्याय काय होता? त्या वेळी २०१३ सालची एक लहान गाडी एक लाख साठ हजारांना मिळत होती. घरात शिल्लक सत्तर हजार. उरलेल्यांसाठी कर्ज काढावं लागलं असतं. आमच्या घरात व्याजाचा व्यवहार टाळायची रीत आहे, ती वडिलांपासून चालत आली. दुसऱ्यानेही तसंच करावं असं माझं म्हणणं नाही. पण धर्माचं कारण बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरते. हप्ता दर महिन्याला येतो आणि गणवेशाचे पैसे वर्षातून दोन महिने येतात. शेतकऱ्याचं, मच्छीमाराचं, रोजंदारीवाल्याचं असंच असतं. हप्ता किती आहे यापेक्षा तो कोणत्या महिन्यात भरायचा आहे, हे अशा घरांत जास्त महत्त्वाचं असतं.

आता गाडीचा दोष. आमच्या ओळखीचा एक तरुण मिस्त्री आहे. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चाचा, आधी मोजू या. उतरवायचं काय ते मग बघू." त्याने प्लग काढले आणि एकेका सिलिंडरला दाब मोजायचं घड्याळ लावून इंजिन फिरवलं. दोन सिलिंडरांत दाब जवळपास सारखा आला, तिसऱ्यात त्यांच्या निम्म्याहून जेमतेम वर. मग त्याने त्या तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं. दाब वाढला नाही.

या चमचाभर ऑइलचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर ऑइल त्यांच्या फटी तात्पुरत्या बुजवतं आणि दाब वाढतो. मग इंजिन खोलून मोठं काम करावं लागतं. ऑइल टाकूनही दाब तेवढाच राहिला, तर गळती बहुधा वरच्या बाजूला, व्हॉल्व्हमध्ये असते. मग नुसतं हेड उतरवून काम भागतं. धूरही हेच सांगत होता. सकाळी गाडी सुरू करताना थोडा निळा धूर यायचा आणि लगेच थांबायचा. हे व्हॉल्व्हच्या रबरी सील झिजल्याचं लक्षण. ऑइल जळालं की धूर निळा येतो, पण तो जोर दिल्यावर सतत येत राहिला तर रिंगांवर संशय घ्यायचा. सतत पांढरा धूर येत असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर पाणी आत शिरतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जातंय.

या तपासणीचे त्याने चारशे रुपये घेतले. हेडचं काम, व्हॉल्व्ह, गॅस्केट, टायमिंग बेल्ट आणि मजुरी धरून साडेसतरा हजार सांगितले. पहिल्या गॅरेजने फसवलं असं मी म्हणणार नाही. पूर्ण इंजिन केलं असतं तर गाडी चाललीच असती. पण ज्याच्याकडे पैसा कमी आहे त्याने 'दुरुस्त करू की बदलू' हा प्रश्न विचारण्याआधी 'नेमकं काय बिघडलंय' हे मोजून घ्यावं. दुरुस्तीचा आकडा अंदाजाने आलेला असेल तर त्यावर घेतलेला निर्णयही अंदाजाचाच राहतो.

मात्र इंजिनापेक्षाही मोठा प्रश्न पत्र्याचा असतो, विशेषतः आमच्याकडे. चार महिने पाऊस, वर्षभर खारी हवा. इंजिन पुन्हा करता येतं, सडलेली बॉडी पुन्हा करता येत नाही, निदान परवडेल अशा पैशात तरी नाही. म्हणून गाडी वर उचलून खालून पाहावी. जॅक लावायची जागा, दाराखालची पट्टी, पुढचे शॉकअब्सॉर्बर वर जिथे बॉडीला बसतात ती जागा आणि मागच्या चाकांचं वजन जिथे येतं ती जागा. तिथे स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहायचं. पत्रा खणखणीत लागला तर बरं. पापुद्रे सुटून टोक आत गेलं तर थांबायचं. पायाखालचा पत्रा सडला असेल तर तुकडा वेल्डिंग करून लावता येतो. आमच्या गाडीला तसा एक तुकडा लावला, साडेचार हजार पडले. पण जिथे गाडीचं वजन पेललं जातं तिथेच गंज असेल तर ठिगळाने भागत नाही.

माझ्या एका बागायतदार मित्राच्या ओम्नीचं असंच झालं. इंजिन उत्तम होतं, एका हाकेला सुरू व्हायचं. मागची वजनाची जागा मात्र सडली होती. मिस्त्रीने हात लावायला नकार दिला. मित्राला वाईट वाटलं, पण त्याने गाडी मोडीत काढली आणि ते बरोबर केलं. सुरू होणारी गाडी सुरक्षित असतेच असं नाही.

आता हिशेब मांडू. हेडचे साडेसतरा हजार आणि पत्र्याचे साडेचार. ब्रेकच्या कामाचे पाच हजार, दोन टायरचे सहा हजार. एकूण तेहतीस हजार. गाडी आणखी तीन वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला अकरा हजार. जुन्या गाडीला वर्षाला आणखी आठ हजार तरी किरकोळ दुरुस्तीला लागतात, ते लपवून उपयोग नाही. म्हणजे वर्षाला एकोणीस हजार, महिन्याला सुमारे सोळाशे रुपये.

दुसऱ्या गाडीचं बघा. एक लाख साठ हजार किंमत. नावावर करणं, विमा, घेतल्या घेतल्या करावी लागणारी कामं यांचे वीस हजार. ती सहा वर्षं चालवून पन्नास हजारांना विकली असं धरलं तर खर्च एक लाख तीस हजार, वर्षाला साधारण एकवीस हजार सातशे. वर्षाची किरकोळ दुरुस्ती पाच हजार. महिन्याला सुमारे बावीसशे रुपये. यात कर्जाचं व्याज धरलेलं नाही.

फरक महिन्याला सहाशे रुपयांचा. फार मोठा नाही. ज्याच्या हातात एक लाख ऐंशी हजार रोख आहेत, त्याने दुसरी गाडी घेतली तर त्याला कोणी वेडा म्हणणार नाही. पण माझ्याकडे सत्तर हजार होते. तेहतीस हजार देऊन सदतीस हजार घरात उरत होते आणि आईचा डोळा, पावसाळा, कापडाची उधारी हे सगळं समोर होतं. म्हण गाडीची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांची तुलना करते. खरी तुलना करायची ती दुरुस्तीचा खर्च आणि दुसऱ्या गाडीचा सगळा खर्च यांची. आणि त्यानंतर घरात हाताशी काय उरतं, याची.

गाडी वाटेत बंद पडण्याचीही किंमत धरायला हवी. आमच्याकडे एक दिवस गाडी नसली तर टेम्पोचं भाडं नऊशे रुपये. वर्षात पाच-सहा दिवस असं झालं तर सोसतं. महिन्यातून चार दिवस व्हायला लागलं तर दुरुस्तीच्या स्वस्ताईचा सगळा हिशेब कोसळतो. शिवाय शाळेने एकदा दिलेली तारीख चुकली तर पुढच्या वर्षीचं काम जातं, ते निराळंच.

बदलण्याच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा आहे तो सुरक्षिततेचा. आमच्या मारुतीत एअरबॅग नाही. नव्या गाड्यांत एबीएस एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. पण म्हणूनच २०१३ सालच्या साध्या मॉडेलमध्ये या गोष्टी असतीलच असं नव्हतं. म्हणजे एक लाख साठ हजार देऊन मी सुरक्षितता विकत घेणार नव्हतो, फक्त दहा वर्षं कमी वयाची गाडी घेणार होतो. हे लक्षात आल्यावर आम्ही एक ठरवलं. आईला कराडला न्यायचं ते एसटीने किंवा भाड्याच्या गाडीने. मारुती घाटात जाणार नाही, ती चिपळूण आणि आसपासच्या वाड्यांपुरती.

तरीही ब्रेकच्या बाबतीत काटकसर केली नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. ते जुनं झालं की उतारावर ब्रेक तापल्यावर उकळतं आणि पेडल एकदम खाली जातं. दर दोन वर्षांनी ते बदलावं. टायरवर चार आकडे छापलेले असतात, तेही वाचायला शिकावं. २३१९ असं असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. नक्षी छान दिसत असली तरी रबर जुनं होतंच. आणखी एक म्हणजे पेट्रोलच्या रबरी नळ्या. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग त्यामुळे लवकर बदलावे लागू शकतात. नळी काही शेकड्यांत येते, गळत्या पेट्रोलची आग मात्र सगळं घेऊन जाते.

जुनी गाडी देऊन दुसरी जुनी घेणाऱ्याने आगीतून फुफाट्यात पडू नये, म्हणून थोडं सांगतो. आपल्या गाडीचे दोष आपल्याला पाठ असतात. दुसऱ्याच्या गाडीचे दोष धुऊन-पुसून, पॉलिश मारून समोर येतात. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळुणात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. त्याआधी २६ जुलै २००५ ला मुंबईने हेच पाहिलं होतं. पुरातली गाडी बाहेरून ओळखू येत नाही. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या टोकाला चिखलाचा डाग आहे का पाहावा. सीटखालच्या पट्ट्यांवर गंज आहे का पाहावा, गालिचा उचलून वास घ्यावा. कागदपत्रांत गाडीवर बँकेचा बोजा आहे का ते आरसी पुस्तकावर बघावं. असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचा दाखला मागावा. विकताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणजे काम संपलं असं नाही. गाडी खरोखर दुसऱ्याच्या नावावर चढेपर्यंत पाठपुरावा करावा, कारण तोवर अपघात झाला तर पहिली नोटीस कागदावरच्या मालकाला येते.

नियमांबद्दलही बराच गोंधळ आहे. दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांच्या बातम्या वाचून आपल्याकडचे लोक घाबरतात. महाराष्ट्रात नुसत्या वयामुळे खासगी गाडी भंगारात काढायची सक्ती नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. मग गाडी तपासून दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. नूतनीकरणाचं शुल्क मात्र वाढत गेलं आहे. पूर्वी सहाशे रुपये होतं, १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार झालं, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीसाठी दहा हजार. हा खर्चही मसाल्यातच धरायचा.

शेवटी एका सवयीबद्दल बोलायला हवं, कारण पैसे सर्वांत जास्त तिच्यामुळे जातात. आमच्या शेजारी एक गृहस्थ आहेत. त्यांनी जुन्या गाडीचा क्लच केला, मग रेडिएटर, मग स्टिअरिंग. प्रत्येक वेळी म्हणायचे, 'एवढे घातलेत, आता थोडक्यासाठी कशाला सोडायची?' असं करत दोन वर्षांत सत्तर हजार गेले आणि गाडी शेवटी उभीच राहिली. गेलेला पैसा गेला. तो परत यावा म्हणून नवा पैसा पाठवला तर बहुधा तोही परतत नाही. प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी हिशेब कोऱ्या पाटीवर मांडायचा: आज या क्षणी एवढे पैसे घातले तर यापुढे किती महिने मिळतील? मी कविता लिहितो. तिथे जमत नसलेली ओळ दहादा खोडली तरी फक्त कागद जातो. गाडीच्या बाबतीत एवढी चिकाटी परवडत नाही.

म्हणून आम्ही दुरुस्ती केली त्याच दिवशी गाडीची निवृत्तीही ठरवली. जुलै २०२८ मध्ये नोंदणी संपते. तेव्हा दहा हजार भरून ती वाढवायची नाही. त्याआधी कोणत्याही एका दुरुस्तीला पंधरा हजारांहून जास्त लागले, किंवा वजनाच्या जागी गंज दिसला, तर त्याच दिवशी थांबायचं. पत्नीने वीस जणींची भिशी धरली आहे, महिना दोन हजारांची. वीस महिन्यांत एकदा चाळीस हजार हातात येतात, व्याज द्यायचं नाही आणि घ्यायचंही नाही. गाडी आम्हाला जेवढा वेळ मिळवून देते आहे, त्या वेळात पुढच्या गाडीचे पैसे जमायला हवेत. ते जमत नसतील तर दुरुस्ती म्हणजे नुसती टाळाटाळ ठरेल.

आणि ज्या दिवशी गाडी जाईल त्या दिवशी ती रीतसर जावी. दारावर येणारा भंगारवाला रोख पैसे देतो, पण गाडीचा नंबर आपल्याच नावावर राहतो. मान्यताप्राप्त मोडणी केंद्रात गाडी दिली तर जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं. त्यावर पुढच्या गाडीच्या करात सवलत मिळू शकते. आरटीओत नोंदणी रद्द करून घ्यावी आणि ती पावती जपून ठेवावी. आपल्या मर्यादेचा आकडा आणि तारीख एका कागदावर लिहून तो आरसी पुस्तकातच ठेवा, असं मी सगळ्यांना सांगतो. गाडी रस्त्यात बंद पडलेली असते, पाऊस कोसळत असतो आणि मिस्त्री आकडा सांगत असतो, तेव्हा डोकं शांत नसतं. शांत डोक्याने आधी लिहून ठेवलेला आकडा त्या वेळी उपयोगी पडतो.